भाडेकराराने बांधलेले गिऱ्हाईक

अमेरिकेत महागड्या मोटारींच्या धंद्यात गिऱ्हाइकाच्या निष्ठेचे माप घेण्याची एक ठरलेली रीत आहे. जुनी गाडी देऊन नवी घेताना त्याने त्याच कंपनीची गाडी घेतली तर तो टिकला, दुसरीकडे गेला तर तुटला. जे. डी. पॉवर ही पाहणी करणारी संस्था २०१९ पासून या मापाने कंपन्यांचे टक्के जाहीर करीत आली आहे, आणि ज्यांचा नंबर वर लागतो त्या कंपन्या ते टक्के मोठ्या अक्षरांत मिरवतात. आम्ही कापडाचे व्यापारी. मोटारीशी आमचा संबंध गाठी वाहणाऱ्या टेम्पोपुरता. पण गिऱ्हाईक का टिकते आणि का तुटते हा प्रश्न साडीच्या दुकानालाही तितकाच लागू आहे, आणि त्यात आमचे केस पांढरे झाले आहेत. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहोत.

आमचे म्हणणे असे की या टक्क्यांत दोन प्रकारची गिऱ्हाइके एकाच वहीत लिहिली जातात. एक आपल्या खुशीने परत आलेले, आणि दुसरे करारातल्या शर्तींनी परत ओढून आणलेले. भिवंडी-मालेगावच्या वाचकांना हा फरक वेगळा समजावून सांगायला नको. सूत उधार देणाऱ्या व्यापाऱ्याकडेच आपले कापड घालणारा मागवाला वर्षानुवर्षे त्याच पेढीवर दिसतो. बाहेरच्याला वाटते, काय जुना घरोबा आहे! खात्यावरची बाकी फिटली की मग कळते घरोबा किती होता आणि बाकी किती होती.

पहिल्या प्रकारच्या गिऱ्हाइकाचे उदाहरण आधी घेऊ. टोयोटा कंपनीने सप्टेंबर १९८९ मध्ये अमेरिकेत लेक्सस या नव्या नावाने एलएस ४०० ही गाडी विकायला काढली. किंमत ३५ हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे त्याच तोडीच्या जर्मन गाड्यांपेक्षा बरीच कमी. जपानी कंपनी स्वस्त आणि टिकाऊ गाड्या करते हे सर्वांना मान्य होते, पण श्रीमंताच्या दारात तिची गाडी शोभेल काय, ही शंका होती. तीन महिने होतात न होतात तोच दोन तक्रारी आल्या. एक मागच्या काचेजवळच्या ब्रेकच्या दिव्याच्या वायरिंगची, दुसरी गाडीचा वेग आपोआप एकसारखा ठेवणाऱ्या क्रूझ कंट्रोलची. तक्रारी दोन, पण कंपनीने डिसेंबर १९८९ मध्ये तोवर विकलेल्या सगळ्या, सुमारे ८ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या.

बोलावल्या असे आम्ही लिहिले खरे, पण अनेक गिऱ्हाइकांना कुठे जावेच लागले नाही. माणूस घरी येऊन गाडी घेऊन गेला आणि दुरुस्त करून, धुऊन, पुष्कळ ठिकाणी टाकी भरून परत आणून दिली. जिथे जवळपास विक्रेता नव्हता तिथे कंपनीने मिस्त्री विमानाने पाठवले आणि गॅरेज भाड्याने घेऊन काम केले. हे सगळे वीस दिवसांत उरकले. नव्या पेढीचा पहिलाच माल खोटा निघाला की बाजारात तिचे नाव जाते, हा सर्वसाधारण अनुभव. इथे उलटे झाले. लेक्ससचे नाव अमेरिकेत ज्या गोष्टींनी बसले त्यात या दुरुस्तीची आठवण आजही काढली जाते.

हे आयत्या वेळी सुचलेले नव्हते. गाडी बाजारात येण्याच्या दोन वर्षे आधी, १९८७ मध्ये, कंपनीने एक करारनामा तयार केला होता आणि विक्रेत्यांकडून त्यावर कबुली घेतली होती. त्यात गिऱ्हाइकाला घरी आलेल्या पाहुण्यासारखे वागवण्याची शर्त होती. असे कागद पुष्कळ दुकानांत भिंतीवर फ्रेम करून लावलेले असतात. फरक एवढाच की डिसेंबरात त्या कागदाचा खर्च भरायची वेळ आली तेव्हा कंपनीने तो भरला.

इथे अमेरिकेतील विक्रेत्याची जागा समजून घेतली पाहिजे, नाहीतर पुढचे कळणार नाही. तिथे बहुतेक राज्यांत जुन्या मोटार कंपन्यांना कायद्यानेच गिऱ्हाइकाला थेट गाडी विकता येत नाही. विक्रेता हा स्वतंत्र मालक असतो, कंपनीचा नोकर नव्हे. गाडी गॅरंटीत असताना बिघडली तर दुरुस्ती तो करतो आणि पैसे कंपनीकडून घेतो. कोणत्या कामाला किती तास लागायला हवेत हेही कंपनीच ठरवते. त्या हिशेबात आपल्याला कमी मिळते, अशी विक्रेत्यांची जुनी तक्रार आहे. अनेक राज्यांनी त्यावर कायदे केले आहेत. आता पाहा. ज्या गिऱ्हाइकाचे काम केले तर मजुरी कमी, आणि शेजारी रोख पैसे देणारा उभा, तिथे मिस्त्रीचा हात आधी कोणाच्या गाडीला लागेल? सायझिंगवाल्याकडे, रंगवाल्याकडे आपला माल पडून राहतो तो याच कारणाने. म्हणून महागड्या गाडीचा बोनेटवरचा बिल्ला जर्मनीचा असो की जपानचा, गिऱ्हाइकाला कंपनी भेटते ती विक्रेत्याच्या काउंटरवर बसलेल्या माणसाच्या रूपाने. बदली गाडी देतो की दोन तास बाकावर बसवतो, फोन उचलतो की नाही, एवढ्यावर साठ हजार डॉलरच्या मालाची अब्रू अवलंबून असते.

आता भाडेकराराकडे, म्हणजे लीजकडे वळू. २०१९ च्या सुमारास अमेरिकेत नव्या मोटारींपैकी जवळजवळ तीस टक्के लीजवर जात होत्या, आणि महागड्या कंपन्यांत हे प्रमाण त्याहून बरेच जास्त होते. हिशेब असा असतो. समजा गाडी ६०,००० डॉलरची, मुदत ३६ महिने. तीन वर्षांनंतर तिची किंमत ५८ टक्के राहील, म्हणजे ३४,८०० डॉलर, असे कागदावर आधीच लिहिले जाते. उरलेले २५,२०० ही घट. ती ३६ ने भागली की महिना ७०० डॉलर. यावर पैशाचा आकार लागतो, त्याला तिथे मनी फॅक्टर म्हणतात. समजा तो ०.००२५ आहे. गाडीची किंमत आणि उरलेली किंमत यांची बेरीज ९४,८०० ला त्याने गुणले की २३७ डॉलर. एकूण भाडे महिना ९३७, शिवाय कर. ०.००२५ हा आकडा दिसायला धुळीच्या कणाएवढा. त्याला २४०० ने गुणा, म्हणजे सहा टक्के व्याज निघते. तिथे १९७६ पासून ग्राहक लीजचा कायदा आहे आणि त्यामुळे अशा आकाराची एकूण रक्कम कागदावर दाखवावी लागते; पण व्याजाचा टक्का म्हणून तो लिहिणे बंधनकारक नाही. कापडाचा भाव वारावर सांगायचा की मीटरवर, यात काय काय लपवता येते हे आम्हा बाजारातल्या लोकांना ठाऊक आहे.

या हिशेबात कंपनीच्या हातात एक मोठी किल्ली असते. तीन वर्षांनंतरची किंमत ५८ ऐवजी ६३ टक्के धरली की त्याच गाडीचे भाडे ९३७ वरून ८६१ वर येते. गाडीची छापील किंमत जागच्या जागी, बिल्ल्याची शान कायम, आणि महिन्याला ७६ डॉलरची सूट. गिऱ्हाईक खूश. बाजारात तीन वर्षांनी ती गाडी खरोखर तेवढ्याला विकली जाईल काय, हा प्रश्न कंपनी पुढच्या तारखेवर टाकते.

मुदत संपली की गिऱ्हाइकाला दारात यावेच लागते, कारण गाडी परत करायची असते. मालकीची गाडी घेणारा आठ वर्षे, दहा वर्षे तोंड दाखवणार नाही. लीजवाला तीन वर्षांनी हजर. कंपनीला याहून चांगले काय हवे? आणि इथे शर्तींचे फास सुरू होतात. वर्षाला १० हजार मैलांची हद्द होती आणि गाडी तीन वर्षांत ३६ हजार मैल चालली, तर जास्तीच्या ६ हजार मैलांचे प्रत्येकी २५ सेंटच्या दराने १,५०० डॉलर. टायर घासले, दरवाजावर ओरखडा, सीटवर डाग, त्याचे वेगळे. शिवाय गाडी परत घेण्याची फी म्हणून काहीशे डॉलर. मग काउंटरवरचा माणूस गोड आवाजात सांगतो की पुढची गाडी आमचीच घेतलीत तर ही फी माफ, आणि ओरखड्यांचेही पाहू काहीतरी. गिऱ्हाईक सही करतो. पाहणीच्या टक्क्यांत तो निष्ठावंत म्हणून मोजला जातो.

आम्ही लीजला वाईट म्हणत नाही. ज्याला दर तीन वर्षांनी नवी गाडी हवी, ज्याचे मैल ठरलेले आहेत आणि जो जुनी गाडी विकण्याच्या भानगडीत पडू इच्छित नाही, त्याला हा सरळ सौदा आहे. कंपनीलाही यामुळे एक चांगली सवय लागली. गाडी शेवटी आपल्याच अंगावर परत येणार म्हटल्यावर तिची देखभाल नीट व्हावी यात कंपनीचा स्वार्थ आला. बीएमडब्ल्यूने अमेरिकेत बरीच वर्षे चार वर्षे किंवा ५० हजार मैलांपर्यंतची ठरलेली देखभाल फुकट दिली. ते दानधर्म नव्हते. परत आलेली गाडी तपासून, गॅरंटी देऊन पुन्हा विकायची तर तिचे तेल वेळेवर बदललेले हवे. २०१७ च्या गाड्यांपासून ही सवलत तीन वर्षे आणि ३६ हजार मैलांवर आणली गेली. तीन वर्षांच्या लीजवाल्याला काही फरक पडला नाही. चटका बसला तो गाडी विकत घेऊन ठेवणाऱ्याला. कंपनीची नजर कोणत्या गिऱ्हाइकावर आहे ते अशा वेळी दिसते.

फास दोन्ही बाजूंना आवळतो हे २००८ मध्ये दिसले. त्या उन्हाळ्यात अमेरिकेत पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेले आणि मोठ्या गाड्यांचा जुना बाजार कोसळला. कागदावर धरलेल्या किमती फुगलेल्या ठरल्या. फोर्डच्या कर्ज देणाऱ्या कंपनीला लीजच्या गाड्यांपोटी २१० कोटी डॉलर तोट्यात लिहावे लागले. क्रायस्लरच्या वित्त कंपनीने ऑगस्ट २००८ पासून लीज देणेच बंद केले. बीएमडब्ल्यूलाही परत येणाऱ्या गाड्यांच्या किमतीपोटी मोठ्या तरतुदी कराव्या लागल्या. स्वस्त भाड्याने जमवलेली गिऱ्हाइके भाडे वाढताच कुठे गेली, याचा शोध घेण्याचे कारण नाही. ती भाड्यासाठी आली होती.

त्याहून बोलका प्रसंग २०२१ चा. कोविडनंतर चिपच्या टंचाईने नव्या गाड्या मिळेनात आणि जुन्या गाड्यांचे भाव भडकले. तीन वर्षांपूर्वी कागदावर ३४,८०० लिहिलेल्या गाडीला बाजारात समजा ४२ हजार येऊ लागले. करारात गिऱ्हाइकाला लिहिलेल्या किमतीला गाडी विकत घेण्याचा हक्क होता, म्हणजे फरकाचे ७,२०० डॉलर त्याचे. तोवर अशी गाडी कोणत्याही दुसऱ्या विक्रेत्याला परस्पर देऊन फरक खिशात घालता येत असे. बाजार फिरताच अनेक कंपन्यांच्या वित्त शाखांनी हा रस्ता बंद किंवा अरुंद केला. गाडी घ्यायची तर स्वतः घ्या, विकायची तर आमच्याच विक्रेत्याला विका, असे सांगितले. करारात गिऱ्हाइकाला स्वतः घेण्यापुरतेच वचन होते, तेव्हा कायद्याने बोट दाखवायला जागा नव्हती. पण किंमत पडली तर जास्तीच्या मैलांचा आणि ओरखड्यांचा पैसा गिऱ्हाइकाने द्यायचा, आणि किंमत चढली तर दरवाजा छोटा करायचा, हे त्याने पाहिले. २०२२ पर्यंत लीजचे प्रमाण वीस टक्क्यांच्याही खाली गेले. कंपन्यांनी सवलती काढून घेतल्या हे त्याचे मोठे कारण. पण ज्याने एकदा स्वतःची गाडी विकत घेऊन टाकली, त्याला आता तीन वर्षांनी दारात येण्याची सक्ती उरली नाही. तो येतो की नाही हे वर्कशॉपमधली वागणूक ठरवते.

ह्युंदाईच्या जेनेसिसची हकिगत इथेच जोडतो. २०१५ मध्ये हे नाव महागड्या गाड्यांसाठी वेगळे काढले, पण अमेरिकेत विक्री सुरुवातीला ह्युंदाईच्याच दुकानांतून. एका काउंटरवर लंकेचे कापड आणि बनारसी शालू मांडल्यासारखे. विक्रेत्यांशी तंटे झाले आणि २०१८ मध्ये विक्री दहा हजारांच्या आसपास घसरली, जरी त्याच वर्षी जे. डी. पॉवरच्या नव्या गाड्यांच्या दर्जाच्या यादीत जेनेसिस पहिली होती. शोरूमची ही उणीव भरून काढायला कंपनीने घरून गाडी नेऊन, बदली गाडी देऊन, दुरुस्त करून परत पोहोचवण्याची सोय ठेवली होती. २०२१ मध्ये विक्री पन्नास हजारांच्या जवळ गेली. त्यात नव्या मोठ्या गाड्यांचा वाटा मोठा होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या मनात एव्हाना एक प्रश्न आला असेल, की हे भाडे आहे की व्याज. फिक्हमध्ये इजारा, म्हणजे वस्तू भाड्याने देणे, जायज आहे आणि आखातातल्या इस्लामी बँका इजारा आणि मुराबहा या रीतींनी गाड्या देतात. कोकणातल्या पुष्कळ घरांना ते तिकडच्या नातेवाइकांकडून माहीत आहे. इजाऱ्यात मालकीचा बोजा मालकाने उचलायचा असतो. वस्तू आपली चूक नसताना नष्ट झाली तर भाडे थांबते, आणि मोठी दुरुस्ती मालकाची. अमेरिकेतल्या साध्या लीजमध्ये विमा, देखभाल, ओरखडा सगळे भाडेकरूच्या माथी, आणि गाडी चोरीला गेली वा चुराडा झाली तर विम्याची रक्कम आणि कराराची बाकी यांतली तफावतही त्याच्याच नावावर; अनेक करारांत ती माफ करण्याचे कलम असते, सगळ्यांत नसते. फतवा देणे आमचे काम नाही, ते उलमांना विचारावे. पण व्यापारी म्हणून एवढे दिसते की मालकाने मालकाची जोखीम घेतली की देखभाल आपोआप सुधारते. गाडी वर्कशॉपमध्ये पडून असताना ज्याचे भाडे बुडते तो मिस्त्रीच्या मागे लागतो. ज्याचे भाडे चालूच राहते तो कशाला लागेल?

आपल्याकडे लीज अजून मुख्यतः कंपन्यांच्या साहेब लोकांपुरती आहे. बहुतेक व्यापारी कर्जाने किंवा रोखीने गाडी घेतात. मर्सिडीज पुण्यात १९९५ पासून बनते आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) उद्योजक-व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन सुमारे दीडशे मर्सिडीज एकदम घेतल्या. सौदा सुमारे ६५ कोटींचा, आणि स्टेट बँकेने सात टक्क्यांनी कर्ज दिले. देशभर बातम्या झाल्या. ठोकात भाव पाडून घेण्याची ही आपली जुनी विद्या, आणि ती जर्मन कंपनीपुढेही चालली याचा आम्हालाही आनंद झाला होता. पण भाव पाडणे एका दिवसाचे काम आहे. पुढची आठ-दहा वर्षे त्या गाडीचा सेन्सर, सस्पेन्शन, काच यासाठी माणूस किती दिवस थांबतो, पार्ट पुण्याहून येतो की जर्मनीहून, त्या सौद्यात याचे काय ठरले होते हे बातम्यांत आम्ही कुठे वाचले नाही.

ऑक्टोबर २०२१ पासून मर्सिडीजने भारतात रीतच बदलली. गाड्यांचा साठा कंपनीच्या मालकीचा, बिल कंपनीचे, देशभर किंमत एक. विक्रेता आता गाडी दाखवतो, पोहोचवतो आणि दुरुस्त करतो. भाव कमी-जास्त करण्याची सत्ता त्याच्याकडे राहिली नाही. आमच्या ओळखीच्या काही व्यापाऱ्यांना हे रुचले नाही, कारण घासाघीस न करता घेतलेली वस्तू आपल्या माणसाला गोड लागत नाही. आम्हाला मात्र यात एक उपयोग दिसतो. मुंबईच्या शोरूममध्ये पन्नास हजार कमी मिळतात म्हणून तिकडे धावण्याचे कारण उरले नाही. तेव्हा नाशिक, मालेगाव, सोलापूरकडच्या माणसाने शोरूमच्या काचा बघत बसण्याआधी मागच्या बाजूला वर्कशॉपमध्ये जावे, तिथे दुरुस्तीला थांबलेल्या गाड्या मोजाव्यात, आणि त्यांच्या मालकांना सरळ विचारावे की गाडी येथे किती दिवसांपासून उभी आहे आणि या दिवसांत तुम्हाला फिरायला दुसरी गाडी दिली की नाही.